शंभूच्या बॉक्समधला ढोल

शंभूचं दुकान आणि माझं मेडिकल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही चार इंची. त्यामुळे शिरूरमध्ये कुणाच्या गाडीत केवढा वूफर बसला, हे त्या गाडीवाल्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. शंभू बेस तपासायला लागला की माझ्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फळीवरून हळूहळू पुढं सरकतात. दुकान बंद करताना त्यांना परत मागं ढकलणं हे माझं रोजचं काम. गुरं गोठ्यात घालावीत तसं.

मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. शंभू शेजारी आला तेव्हा मी त्याच्याशी रीतसर भांडले. म्हटलं, “इथं लोक डोकं दुखतंय म्हणून गोळी घ्यायला येतात, आणि तू भिंतीपलीकडून डोकेदुखी फुकट वाटतोयस.” त्यानं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. पण हा हाडाचा गरीब. नुसता हसला आणि म्हणाला, “ताई, एकदा भिंतीला पाठ लावून बसा की. कानानं ऐकू नगा.”

मला अजूनच राग आला. ऐकायचं नाही तर मग करायचं काय? पण दुपारी गिऱ्हाईक नसतं, पंखा नुसता गरम हवा फिरवत असतो, आणि रागावून तरी किती वेळ बसणार? एक दिवस मी स्टूल भिंतीला लावलं आणि पाठ टेकली.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी रोज दुपारी तिथंच बसायला लागले. तो आवाज कानात शिरतच नाही. पाठीच्या कण्यातून वर चढतो आणि डोळ्यांवर येऊन बसतो. रस्त्यावरचे हॉर्न लांब जातात. मग मी कुठंतरी चालत असते. वाट पांढरी असते, धूळ उडत असते, धुळीत ऊन अडकलेलं असतं आणि गुडघ्यांना काहीतरी मऊ, उबदार घासून जात असतं. एक नाही, पुष्कळ. मला कुठं जायचंय ते ठाऊक नसतं आणि त्याची काळजीही नसते. हे एवढं सुख मला जागेपणी फारसं मिळालेलं नाही.

शंभूला मी हे सांगितलं तेव्हा तो हातातली पक्कड तशीच धरून थांबला.

“मेंढरं हायेत ती, ताई,” तो म्हणाला. “आमची.”

शंभू धनगराचा. आता त्यांची इनामगावच्या शिवारात, घोडनदीच्या काठाला वस्ती आहे, घरापुढं कांदा आहे, ऊस आहे. पण तो लहान असताना वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा संसार, फिरता होता. दिवाळी झाली की कळप कोकणच्या वाटेला लागायचा, आणि शंभू घोडीच्या पाठीवर कोंबड्यांच्या आणि भांड्यांच्या मध्ये बांधलेला असायचा. झोपायचा मेंढरांतच. “सगळा कळप रवंथ कराय लागला ना, ताई, की भुई गुणगुणती,” तो सांगायचा. “मी त्येच्यावर झोपायचो. म्होरं मेंढरं इकली, आन् मला झोपच यीना. मंग दौंडला एका जीपमधी पयल्यांदा बेस ऐकला. म्हनलं, आरं, ह्यो तर आपलाच कळप हाय. ह्या पेटीत कसा काय घुसला?”

कळप पेटीत कसा घुसला ते बघायलाच तो दौंडमध्ये स्टेशनजवळ युसूफमामांच्या टेपच्या दुकानात कामाला राहिला. मामा उत्तरेकडचे. त्यांनी याला सगळी विद्या दिली, पण कारणं दिली नाहीत. वूफरला दोन वायरी असतात. मामांचा मंत्र एकच: “लाल पे लाल, काला पे काला. बीच में दिमाग मत लगाना.” शंभूनं तो मंत्र पाळला आणि त्याच्या जिवावर शिरूरला स्वतःचं दुकान टाकलं.

त्याचं काम बघणं म्हणजे एक गंमत आहे. बोलेरो असो, पिकअप असो नाहीतर उसाचा ट्रॅक्टर, तो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि कुठं कुठं टिचकी मारून ऐकतो. मालक घाईत असतो, याला घाई ठाऊक नाही. बॅटरीपासून मागच्या ॲम्पपर्यंत जाड लाल वायर नेताना ती अंगठ्यानं अशी सरळ करत जातो की, बघणाऱ्याला वाटावं हा कुणाची तरी वेणी घालतोय. करंटची वायर एका कडेनं, गाण्याची दुसऱ्या कडेनं. दोघी शेजारी आल्या की गाण्यात इंजिन रडायला लागतं म्हणे. अर्थिंगसाठी सीटखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करतो. आणि हे चालू असताना मध्येच पाना हातात घेऊन कुठंतरी बघत बसतो. मी ओरडते, “शंभू, झोपलास का?” तो म्हणतो, “न्हाई ताई, चाललोय.” कुठं चाललाय ते मी विचारत नाही. मीही दुपारी तिकडंच जाते.

आता त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

हरिबाआप्पा म्हणजे त्या भागातले नावाजलेले ढोलवाले. बिरोबाच्या यात्रेला गज्याचे, म्हणजे धनगरी नाचाचे, ढोल निघतात. रिंगण धरून माणसं नाचतात, हातातले रंगीत रुमाल उडतात, आणि मध्ये ढोल. यांच्या वस्तीच्या गज्यात दोन मोठे ढोल समोरासमोर उभे राहतात. एकाला देणारा म्हणतात, दुसऱ्याला घेणारा. देणाऱ्यानं ठोका द्यायचा, घेणाऱ्यानं तो घ्यायचा. रखमाजी देणारा आणि आप्पा घेणारे, ही जोडी मिसरूड फुटायच्या वयापासूनची. दोघांच्या बायका म्हणायच्या, आमची लग्नं उगीचच झाली.

मग आप्पांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू, नदीचं पाणी आटतं तसे. पुण्याला दाखवलं, मशीन घातलं, मशीनमधून नुसती खरखर यायची. ते त्यांनी काढून उशाखाली ठेवून दिलं. तरी रखमाजी होता तोवर निभावलं. आप्पा त्याच्या हाताकडं बघून ठोका घ्यायचे, आणि बाहेरच्या कुणाला पत्ताही लागला नाही. पण रखमाजी गेला. समोर नवा गडी उभा राहिला, त्याचा हात आप्पांना वाचता येईना. त्यांनी ढोल खाली ठेवला आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, “देवाम्होरं अंदाजानं वाजवायचं न्हाई.” त्या दिवसापासून ढोल धोतरात गुंडाळून खुंटीला आहे. त्याची पानं, म्हणजे तोंडावरची कातडी, शेकायची नाहीत आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

आणि ढोल गेला तसा माणूसही गेला. बाजाराच्या दिवशी ते एसटीनं शिरूरला येतात, माझ्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि माझ्या पायरीवर बसून राहतात. पूर्वी ही पायरी हसण्यानं दणाणायची. आता विचारलं, “आप्पा, जेवलात का?” तर माझ्या ओठांकडं बघतात, मान हलवतात, संपलं. शंभू सांगायचा, घरी भाकरी अर्धीच खातात. झुंबरबाई, म्हणजे शंभूची आई, ताट उचलताना रोज रडते. मला याचा फार त्रास व्हायचा. माझ्या दुकानात इतकी औषधं, पण यावर एक नाही.

शंभूनं मनात धरलं की आप्पांना ढोल परत भेटला पाहिजे. कान नसले म्हणून काय झालं? बेस कानानं कुठं ऐकायचा असतो? त्याच्या फोनमध्ये रखमाजीच्या शेवटच्या यात्रेचा ढोल होता, त्याच्या अगदी शेजारी उभं राहून घेतलेला. त्यात रखमाजीचा हात स्वच्छ येत होता आणि आप्पांचा लांबून, पुसट. शंभूनं तो आवाज कॉम्प्युटरवाल्याकडं नेऊन घोळून घोळून जाड करून घेतला. यात्रा तोंडावर आली होती. ती पण गेली तर आप्पा ढोलाकडं पुन्हा बघायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्यानं स्वतःची जुनी ओम्नी रिकामी केली. मागची सीट काढली आणि त्या जागी प्लायचा बॉक्स बनवला. इतका मन लावून की सुताराला लाज वाटावी. बॉक्सला दोन वूफर, एक डावीकडं, एक उजवीकडं. मी चहा घेऊन गेले तर तो आत मांडी घालून बसला होता, चेहरा लग्नाला निघालेल्या माणसासारखा.

“ताई, ह्यो देणारा, ह्यो घेणारा,” तो म्हणाला. “म्हनून घेणाऱ्याच्या वायरी म्या उलट्या लावल्या. लालला काळी, काळीला लाल. एक ढकलणार, दुसरा वढणार. जसं ढोलात व्हतं तसं.”

“पण तुझे युसूफमामा तर डोकं लावू नको म्हणायचे ना?”

“ती गान्यासाठी. ह्यो ढोल हाय.”

मला त्यातलं काय कळतंय? मला ते फार सुंदर वाटलं. मी त्याला दुसरा कप चहा दिला.

बाजाराच्या दिवशी आप्पा आले. शंभूनं त्यांचा हात धरून त्यांना ओम्नीत बसवलं, त्यांचे दोन्ही तळवे बॉक्सवर ठेवले आणि छातीवर थाप मारून खुणेनं सांगितलं, ढोल. आप्पांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते मी पायरीवरून पाहिलं. शंभूनं बटण दाबलं.

दारातल्या छोट्या स्पीकरमधून टिपरीचा किरकिरा आवाज आला. बाकी काही नाही.

शंभूनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. आप्पांनी डोळे मिटले, तळवे घट्ट दाबले, मग बॉक्सवर गालसुद्धा टेकवला. ते वाट बघत होते. मी आजवर पुष्कळ माणसांना पुष्कळ गोष्टींची वाट बघताना पाहिलंय, पण असं नाही पाहिलं. शेवटी त्यांनी हात उचलले.

“न्हाई,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो ‘न्हाई’ अख्ख्या बाजाराला ऐकू गेला. “ऱ्हाऊ दे, शंभू. गेलं ती गेलं.”

ते उतरले आणि माझ्या पायरीवर येऊन एसटीची वाट बघत बसले.

शंभूनं फ्यूज तपासला, अर्थिंग उकरलं, ॲम्पचे स्क्रू पुन्हा आवळले. सगळं जागच्या जागी होतं. तो पुन्हा फ्यूजकडं वळला. मला रडू येईल असं वाटायला लागलं, आणि मला रडू यायला लागलं की मी टोमणे मारते. हा माझा स्वभाव आहे, त्याला औषध नाही.

“काय रे,” मी म्हणाले, “रोज माझ्या बाटल्या नाचवतोस, आणि आज बापासाठी लावलंस तर एक बाटली हलली नाही?”

त्यानं मान वर केली.

“एकबी न्हाई?”

“एकही नाही. कोथिंबिरीच्या जुडीएवढासुद्धा धक्का नाही.”

तो आत गेला आणि टॉर्चमधला सेल काढून घेऊन आला. वूफरच्या वायरींना सेल लावला की पडदा किंचित हलतो, एवढं मलाही बघून बघून ठाऊक झालं होतं. त्यानं डाव्या वूफरला सेल लावला, मग उजव्याला. पण त्याचे डोळे भरून आले होते, त्याला नीट दिसेना. तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

आप्पा पायरीवरून हे बघत होते. बाप शेवटी बापच. ते उठले, ओम्नीच्या मागच्या दारातून वाकले आणि काही न विचारता त्यांनी एक बोट या पडद्यावर ठेवलं, दुसरं त्या पडद्यावर. ढोलाचं पान कुठं ढिलं आहे ते चाचपून बघतात, तसं. शंभूनं दोन्ही वूफरना मिळून सेल लावला.

“ह्यो यीतोय,” आप्पा म्हणाले. “आन् त्यो जातोय.”

शंभूनं पुन्हा लावला.

“व्हय. ह्यो म्होरं, त्यो माघारी. दोघं भांडल्यात व्हय रं?”

शंभूनं हातांनी सांगायचा प्रयत्न केला. हा देणारा. हा घेणारा. म्हणून उलटा. आप्पांनी त्याच्या हाताकडं पाहिलं, मग ओठांकडं, आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांचे दात दिसले.

“आरं येड्या,” ते म्हणाले, आणि बाजार पुन्हा एकदा वळून बघायला लागला. “घेनारा म्हंजी माघारी जानारा व्हय? घेनारा बी म्होरंच मारतो. त्यो पयल्याचा ठोका अंगावर घेतो, आन् मंग सोताचा देतो. पाठ फिरवली तर घेनार कसा?”

शंभू खाली बसला. मला नंतर सांगत होता, लहानपणी तो नेहमी रिंगणाच्या बाहेरून बघायचा, आप्पांच्या पाठीमागून. पाठीमागून त्याला एवढंच दिसायचं की रखमाजीचा हात येतो तेव्हा आप्पांचा मागं जातो. तो हात पुढच्या ठोक्यासाठी उचलला जातोय हे त्याला कधी दिसलंच नाही. तेवढ्यावर त्यानं सगळा ढोल समजून घेतला होता. म्हणून एक वूफर हवा ढकलत होता आणि त्याच क्षणी शेजारचा ती ओढून घेत होता. बाहेर पोचायला काही उरतच नव्हतं.

त्यानं दोन वायरी सोडल्या आणि फिरवून लावल्या. लालला लाल, काळीला काळी.

आप्पांनी नकार दिला नाही, पण उत्साहही दाखवला नाही. ते आत बसले आणि त्यांनी एक तळवा बॉक्सवर ठेवला, बळंच, पोराचं मन राखायला. शंभूनं बटण दाबलं.

मी पायरीवर होते. माझ्या मागं दुकानात काचेला काच लागल्याचा आवाज झाला, पण मी वळले नाही. ऊन पांढरं होतं. पायाखालची फरशी गुणगुणायला लागली आणि समोरचा भाजीवाल्यांचा गलका लांब, नदीपलीकडं गेला. ओम्नीच्या काचेवरची धूळ थरथरत होती. आप्पांचं तोंड उघडं राहिलं होतं.

“रखमाजी,” ते म्हणाले. या वेळी हळू. एवढं हळू बोलणं बहिऱ्या माणसाला कसं जमलं, देव जाणे.

तो रखमाजीचाच हात होता. एक ठोका, मग मोकळी जागा. पुन्हा ठोका, पुन्हा जागा. आप्पांनी बॉक्सवरचा तळवा हलवला नाही. दुसरा हात मात्र मांडीवरून आपसूक उठला, आणि त्या मोकळ्या जागेत बरोबर बॉक्सच्या कडेवर पडला. पुढच्या जागेत पुन्हा पडला. त्यात चाचपडणं नव्हतं, अंदाज नव्हता. ते डोळे मिटून बसले होते आणि कुणाच्याही हाताकडं बघत नव्हते. लाकडातून रखमाजी देत होता आणि हरिबाआप्पा घेत होते. सबंध बाजारात त्या वेळी खरं असं तेवढंच चाललं होतं. बाकीचे आम्ही सगळे कुणाच्या तरी झोपेत उभे होतो.

आणि ते तुटलं. त्या यात्रेत नेमका शंभूचा फोन वाजला होता आणि त्याचं रेकॉर्डिंग तिथंच थांबलं होतं. त्याला हे ठाऊक होतं, पण या आनंदात तो विसरला.

आप्पांचा हात हवेत राहिला. ते थांबले. त्यांना ढोल थांबल्याचं ऐकू आलं नव्हतं, त्यांच्या तळव्याला फक्त कळलं होतं की रखमाजीनं द्यायचा ठोका अजून आला नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावर एक बारीक आठी आली. मी मनात म्हटलं, शंभू, काहीतरी कर, पुन्हा लाव, लवकर लाव.

शंभू बटणाकडं गेला नाही. तो बॉक्सच्या पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसला, आप्पांच्या समोर. आयुष्यात त्यानं ढोलाला कधी हात लावला नव्हता. त्यानं तळवा उचलला, तो हवेत थोडा घुटमळला, आणि मग त्यानं प्लायवर ठोका दिला.

आप्पांचा हात खाली आला. त्यांनी तो ठोका घेतला. मग डोळे उघडून समोर कोण आहे ते पाहिलं.

“उशीर केलास,” आप्पा म्हणाले. “पुन्यांदा दे.”